कोळंब्यांचे सुतक

प्रिय एमोरी,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. लाउटोकाच्या गोदीवर तू पोती वाहतोस, असे आपल्या गावच्या बसचालकाने सांगितले. त्याच्याच हाती हे देते आहे. पत्र लांब आहे आणि त्यातले बरेचसे तुला आवडणार नाही, पण ते शेवटपर्यंत वाच. अर्धवट वाचून निष्कर्ष काढणाऱ्या माणसांविषयी माझे मत काय आहे, हे तुला वेगळे सांगायला नको. सध्या आपल्या गावात अशाच माणसांचे राज्य चालू आहे.

तुझ्या वडिलांच्या, माझ्या इलिएसादादाच्या, मृत्यूनंतर शंभर रात्री कुणी पाण्यात उतरू नये म्हणून बंद केलेला समुद्र आता लवकरच उघडेल. शंभराव्या रात्रीनंतरच्या सकाळी पाण्यात पहिला पाय त्याच्या मुलाने ठेवायचा, ही रीत. तो पाय तुझा असेल की नाही, हे अजून ठरलेले नाही. वडीलधाऱ्यांच्या बैठकीतल्या वाइसाकेकाकांनी मला तोंडावर सांगितले, "पोरानं बापाच्या बंदीत बुडी मारली, आणि समुद्र त्यानंच उघडायचा? मग आम्ही काय, नारळ मोजत बसायचं?" तुझा पाय पडला नाही तर ते त्या एका सकाळपुरते राहणार नाही, हे तूही जाणतोस. त्या प्रवाळावरचा तुझा हक्क जाईल, विक्रीच्या कोळंब्यांच्या टाक्या असलेली तुझी शेडही जाईल, आणि तुझी आई त्या घरात ज्याला गावाने टाकले त्याची आई म्हणून उरलेले दिवस काढील.

हे सगळे कशावरून? एका थट्टेवरून. आपल्यात आतेमामेभावांना एकमेकांना वाटेल ते बोलायची मुभा आहे, आणि तिच्यावर रागवायचे नसते, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळते. दादाच्या अंत्यविधीच्या दिवसांत यांगोना प्यायला वाडग्याभोवती सगळे बसलेले असताना तुझ्या मामेभावाने, रोपातेने, माशांची अंगे साफ करणाऱ्या आपल्या न्हावी कोळंब्यांवरून तुला छेडले, "काय रे, डोकं ओलं कसं? बंदीतच न्हाव्यांकडे जाऊन आलास होय? मग दाढी तरी करून यायचीस!" आणि तू, आतेभावाला शोभेलसे, ठणकावून उत्तर दिलेस, "गेलो होतो की! तुझ्यासाठी बायको बघत होतो. एक विधवा खेकडीण तयार आहे, पण म्हणते, नवरा आंघोळ करणारा हवा." सगळे हसले. वाइसाकेकाकाही हसले, असे मला तिघांनी सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी टाक्यांमधल्या कोळंब्या आडव्या पडू लागल्या, आणि तुझे "गेलो होतो की" हा कबुलीजबाब झाला : बंदी मोडली, म्हणून समुद्र कोपला. हसलेली तीच तोंडे गंभीर झाली. रोपाते आता दारोदार सांगत फिरतो की ती थट्टा होती. लोक त्याला म्हणतात, "तुझी असेल. त्याची कशावरून?" मूर्खपणाला तर्काचे कपडे चढवले की तो किती भारदस्त दिसतो, याचा याहून चांगला नमुना मी विद्यापीठातही पाहिलेला नाही.

मला बोलावणे आले ते तू निघून गेल्यावर. तू जायला नको होतेस. निरपराध माणसाने बस पकडून निघून जाणे हा शुद्ध बेशिस्तपणा आहे, आणि तो मी तुला शिकवलेला नाही. असो. वाइसाकेकाकांनी सुव्हाला माझ्या प्रयोगशाळेत लोणच्याची एक बरणी पाठवली. आत दारूत बुडवलेल्या कोळंब्या, आणि सोबत निरोप : इतक्या मेल्या, कारण सांग. मी बरणी पांढऱ्या ताटलीत ओतली. त्यातल्या निम्म्या कोळंब्या नव्हत्याच, त्यांनी टाकलेल्या काती होत्या. डोळ्यांच्या खोबण्यांपासून मिशांपर्यंत सगळे शाबूत, आत मात्र काही नाही. अंग वाढले की कोळंबी जुने कवच मागे सोडून निघून जाते, हे इतकी वर्षे न्हावी पकडणाऱ्या गावाला ठाऊक नसावे? ठाऊक आहे. पण शापच मोजायला बसलेल्या माणसाला टाकलेला कपडाही प्रेत दिसतो. मी फोन करून म्हटले, "काका, यांतल्या निम्म्या जिवंत आहेत, तुमच्याच टाकीत फिरताहेत." ते म्हणाले, "मग उरलेल्या निम्म्यांचं काय, शहाणे?" प्रश्न बरोबर होता. मी बस पकडली.

आणि मी सर्वात आधी काय शोधले, तर तुझी चूक. हे तुला कळलेच पाहिजे. भाचा म्हणून तुला सूट देणे हा तुझाही अपमान झाला असता आणि माझाही. बंदीआधी शेवटी पकडलेल्या कोळंब्या तू टाकीत घाईने सोडल्या असतील, तर पाण्याच्या खारटपणातल्या फरकाने त्यांच्या अंगात पाणी शिरून त्या मेल्या असतील, अशी पहिली शंका. मी प्रत्येक टाकीचा खारटपणा मोजला, समुद्राचाही मोजला. एकसारखा. कात टाकताना अडकल्या असतील, अशी दुसरी. तशा मेलेल्या कोळंबीचे कवच मानेमागे उकललेले असते आणि पाय जुन्या कवचात गुंतलेले असतात. तसे एकही प्रेत मिळाले नाही. तिसरी शंका तांब्याची, कारण माशांच्या औषधात तांबे असते आणि कोळंबीला त्याचा थेंबही सोसत नाही. पाण्यात तांबे नव्हते. नळांच्या तोट्यासुद्धा तू प्लास्टिकच्याच बसवल्या होत्यास. मग मी एकेक कोळंबी खिडकीच्या उजेडात धरून पाहिली. जंतूंनी पोखरलेल्या कोळंबीचे मांस दुधाळ होते, पाठीवरच्या पांढऱ्या पट्ट्याच्या आजूबाजूचे अंग खोबऱ्याच्या दुधासारखे दिसू लागते. इथे अंग स्वच्छ होते, काचेसारखे, आणि पोटात अन्न होते. खाऊनपिऊन मेल्या होत्या त्या. टाक्यांच्या कोपऱ्यांत शेवाळ नव्हते, जाळ्या धुऊन उलट्या टांगलेल्या होत्या. एमोरी, मी हे तोंडाने कधी म्हटले नसते, म्हणून इथे लिहिते : ते काम माझ्या हातचे वाटावे, असे होते.

वाइसाकेकाका सारा वेळ दारात उभे होते. एका कोळंबीचा एक गाल फुगलेला त्यांना दिसला आणि ते जवळजवळ आनंदाने ओरडले, "हे बघ! शापाचं गळू!" मी चिमट्याने कवचाची कड उचलली आणि आत कल्ल्याला चिकटलेला चपटा जीव त्यांना भिंगातून दाखवला. ती मादी, आणि तिच्या पोटाला धरून राहिलेला तिळाएवढा नर. कोळंबीच्या गालात जन्म काढणारी बांडगुळे, समुद्रातल्या कितीतरी कोळंब्यांत सापडतात, आणि त्यांच्यामुळे टाक्याच्या टाक्या मरत नाहीत. काकांनी बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, "म्हणजे नवरा-बायको दोघंही भाडं न देता राहतात? आमच्या मधल्या जावयासारखं!" त्यांच्यावर रागावणे अवघड आहे. पण पुढच्याच श्वासात म्हणाले, "बरं, हे नाही. मग तुझ्या शास्त्राला कारण सापडत नाही, असंच ना? आमच्याकडे आहे."

उत्तर मला प्रेतांनी दिले नाही. मरू लागलेल्यांनी दिले. टाकीशी बसून पाहत होते. एक कोळंबी खडकावर शांत उभी होती, अचानक उसळली, काचेवर आपटली, परत उसळली. मिशा थरथरू लागल्या. मग ती कुशीवर पडली आणि तिचे पाय हवेत वल्ही मारल्यासारखे हलत राहिले, कितीतरी वेळ. त्याच पाण्यातले मासे मजेत चरत होते. तारामासा काचेला चिकटून होता, त्याला काही नव्हते. शंखात राहणारे खेकडे मात्र शंखाबाहेर लोंबत मेले होते. माशाला काही होत नाही, तारामाशाला काही होत नाही, आणि कोळंबी-खेकडे तडफडून मरतात : म्हणजे हे सांध्यासांध्यांच्या पायांच्या जिवांचे विष. म्हणजेच किड्यांचे विष. शेतावर कुणी फवारणी केली होती का, धूर सोडणारी सरकारी गाडी आली होती का, मी सगळीकडे विचारले. कुणीच काही मारलेले नव्हते.

आता तुझ्या आईविषयी. मेरेसेइनीवहिनी आणि मी यांचे कधी फारसे जमले नाही, हे तू पाहतच मोठा झालास. तिचा अळूचा पाला नेहमी जास्त शिजतो आणि तिची वाक्ये नेहमी अर्धी राहतात. पण तू गेल्यापासून तिने जे केले, ते या गावात दुसऱ्या कुणी केले नाही. तिने शेडचा ताबा घेतला. शंभराव्या रात्रीच्या चटया विणायच्याच होत्या, त्या केवड्याच्या पाती घेऊन ती सकाळपासून टाक्यांमध्ये बसू लागली. मला म्हणाली, "वन्सं, माझ्या लेकानं बंदी मोडलेली नाही. कुणीतरी येऊन पाण्यात काहीतरी कालवतं. मी हलणार नाही इथून. बघू, माझ्यासमोर कोण येतो." सुतकातल्या विधवेला कुणी हटकत नाही, तिच्या बसायच्या जागेत कुणी डोकावत नाही. गावाने तिला तिथे बसू दिले आणि तोंड फिरवले. ती राखण करीत राहिली आणि कोळंब्या मरत राहिल्या. लोक म्हणाले, "आई डोळ्यांत तेल घालून बसली तरी मरतातच! म्हणजे माणसाचं काम नव्हे हे." तिच्या प्रत्येक दिवसाच्या राखणीने तुझा गुन्हा अधिक पक्का होत गेला.

तिला ते सहन झाले नाही. मी पोहोचण्याच्या आदल्या आठवड्यात ती वडीलधाऱ्यांच्या बैठकीत उभी राहिली. सुतकातली बाई बैठकीत बोलते, हेच मुळात आक्रीत. ती म्हणाली, "हे ज्या हातांनी केलं, ते हात सापडतील. सापडले की त्या माणसाला माझ्या नवऱ्याच्या मातीवर पाय ठेवू द्यायचा नाही. शंभराव्या रात्रीलाही नाही आणि त्यानंतरही कधी नाही. मग तो कुणी का असेना, माझ्या रक्ताचा असला तरी." त्या दिवशी तिचे वाक्य अर्धे राहिले नाही. आणि म्हाताऱ्यांनी काय केले? तळहात पोकळ करून टाळ्या दिल्या. एकदा त्या टाळ्या पडल्या की शब्द बोलणाऱ्याचा राहत नाही, गावाचा होतो. तो मागे घेता येत नाही.

मी विषाचा शोध घेत असतानाच एका दुपारी तिच्याजवळ चटईच्या कडेवर बसले. खाजणाकडून डासांचे थवे येत होते. आपल्याकडचे डास दिवसाढवळ्या चावतात. तिच्या गुडघ्यापाशी पत्र्याच्या झाकणात डासांची कॉइल जळत होती, राख वर्तुळ धरून पडलेली. शेजारी कालच्या राखेचा ढीग, त्याच्या खाली परवाचा. ती बसली होती टाक्यांत हवा भरणाऱ्या पंपाशेजारी, कारण तिथून दार आणि सगळ्या टाक्या एकदम दिसतात. ती मला तुझ्या लहानपणचे काहीतरी सांगत होती. मी ऐकत नव्हते. मी धुराकडे पाहत होते. दार उघडे होते, वारा दाराकडे जात होता, आणि धूर दाराकडे जात नव्हता. कॉइलपासून वीतभर वर चढून तो वाकत होता आणि सरळ पंपाच्या तोंडात शिरत होता. तिथून नळ्यांतून प्रत्येक टाकीच्या तळाशी, बुडबुडा बुडबुडा करीत. डास मारण्यासाठी त्या कॉइलमध्ये जे घालतात, ते कोळंबीला डासाइतकेच मारते. दादाच्या अंत्यविधीला आलेल्या बायका सावलीसाठी शेडमध्येच बसल्या होत्या, तेव्हाही तिथे कॉइली जळत होत्या. म्हणून पहिल्या कोळंब्या त्या थट्टेच्या दुसऱ्या दिवशी गेल्या. मग तू गेलास, पाहुण्या गेल्या, आणि ती येऊन बसली.

मी आयुष्यात निदान सापडल्यावर गप्प बसलेली नाही. त्या दिवशी बसले. तिला म्हटले, "वहिनी, या धुरानं माझा घसा धरतो, ही विझवू या का?" ती लगेच म्हणाली, "अगं बाई, आधी सांगायचं ना! डास चावू देत, मला काय त्याचं." आणि तिने ती चिमटीने विझवली. माझ्या घशाला काहीही झालेले नव्हते. मग मी सगळे पाणी बदलून घेतले, नळ्या उकळून घेतल्या. मरणे थांबले.

पण तेवढ्याने माझे समाधान कसे होणार? शाळेच्या मागच्या खोलीत मी दोन बादल्या मांडल्या. पाणी तेच, खडक तेच, पंप वेगवेगळे. एका पंपाशी कॉइल लावली. दुसऱ्या बादलीतल्या न्हाव्यांना काही झाले नाही, माझ्या बोटांवर चढून ते नखे साफ करू लागले. पहिल्या बादलीतले उसळले, आपटले, कुशीवर पडले, पाय वल्ही मारत राहिले. मला आता तसूभरही शंका नाही. तुझ्या शब्दाखेरीज दुसरा पुरावा नव्हता, तो आता आहे. प्रवाळाचा, बंदीचा, तुझा या मरणांशी काडीचा संबंध नाही.

आणि गाव काय म्हणते? वाइसाकेकाकांनी त्याच आठवड्यात किनाऱ्यावर यांगोना ओतून समुद्राची क्षमा मागितली होती. मरणे थांबल्याचे श्रेय समुद्राला गेले. मला म्हणाले, "बघितलंस? राग उतरला. आता पोरानं येऊन क्षमेच्या रीतीप्रमाणे देवमाशाचा दात पुढे करावा, गुडघ्यावर बसून चूक मान्य करावी. आम्ही काय राक्षस आहोत? घेऊ पदरात. समुद्रही त्यालाच उघडू देऊ." ते मनापासून बोलत होते. तुझ्या आईने हे ऐकले आणि घरात जाऊन दार लावून घेतले. संध्याकाळी मला विचारले, "वन्सं, तुम्ही एवढ्या शिकलेल्या. तुम्हाला सापडलं असेल. नाव सांगा मला." मी म्हटले, अजून तपासते आहे. तिने माझ्याकडे पाहिले. माझे खोटे तिला कळले, असे मला वाटत नाही. कारण मी खोटे बोलते हे तिच्या कल्पनेतही नाही. गेली तीस वर्षे तिला माझा राग येतो तो याच कारणाने.

नाव न घेता नुसते कारण सांगावे, हाही विचार मी करून पाहिला. बायकांच्या बसण्यात कुठेतरी कॉइल जळली, असे मोघम सांगायचे. पण त्या शेडमध्ये इतके दिवस कोण बसले होते, हे रांगणाऱ्या पोरालाही ठाऊक आहे. वाक्य पुरे होण्याआधी सगळे डोळे तिच्याकडे वळतील, आणि टाळ्या देऊन घेतलेला शब्द म्हातारे माघारी घेणार नाहीत. शंभराव्या रात्री दादाच्या मातीवर दगड रचायला सारे गाव जाईल आणि ती कुंपणाबाहेर उभी राहील. आणि ते तिला तिथे उभे करतील, त्याहून वाईट म्हणजे ती स्वतःहून उभी राहील. तिला तू ओळखतोस.

म्हणून हे पत्र, एमोरी. निदान माझे आहे, पण ते उच्चारायचे की नाही, हे मी ठरवू शकत नाही. हे वाक्य लिहायला मला किती वेळ लागला, ते तुला कळणार नाही. तू "बोला" म्हणालास, तर मी दोन्ही बादल्या बैठकीत मांडीन आणि तू निर्दोष ठरशील. पण त्या वेळी तू तिच्या शेजारी बसलेला असला पाहिजेस, तिचा हात धरून. तू नसताना मी तोंड उघडणार नाही. आणि तू "नको" म्हणालास, तर ये, सगळ्यांसमोर गुडघ्यावर बस आणि जे केले नाहीस त्याची क्षमा माग. तिला वाटेल की लेकाने खरेच बंदी मोडली, आणि ती तुला क्षमा करील. तिने राखलेल्या कोळंब्या कशाने मेल्या, हे तिला कधीही कळणार नाही. मी त्याच चटईवर बसलेली असेन, सगळे मला विचारतील, आणि मी, जिने आजवर एकही खोटे निदान दिले नाही, मान खाली घालून म्हणेन की मला कारण सापडले नाही. ते मी नीट म्हणेन. कुणाला शंका येणार नाही. यातले काय हवे, ते याच बसचालकाजवळ एका शब्दात सांगून पाठव. मी त्याला का, कसे, काही विचारणार नाही.

तू जे ठरवशील त्याला बांधलेली, तुझीच,

सेरूवाइया आत्या